सांगून मारायचं

दिवाळी तोंडावर आली तरी पाऊस पाय काढीना. उधवा गावाच्या अलीकडं, टेकडीच्या पोटाशी जो पाडा आहे, तिथं लाहूचं भात कापून शेतातच आडवं पडलं होतं आणि रोज तिसऱ्या प्रहरी एक सर त्याच्यावर मुतल्यासारखी येऊन जात होती. लाहू श्रावणात गेला. पेरणी त्यानं केली, लावणी त्यानं केली आणि कापणीला त्याची बायको जयवंती, लेक यमुना आणि नात गंगी अशा तिघी उरल्या.

भारा उचलला की खालून आंबट वाफ तोंडावर यायची. लोंब्यांना मोड आले होते. पांढरे, ओले मोड अळ्यांसारखे बोटांना चिकटत. यमुनानं बापाचा जुना शर्ट अंगात चढवला होता. त्याच्याच खालच्या टोकाला ती बोटं पुसायची आणि पुसली तरी वास जायचा नाही.

यमुना डहाणूला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांच्या लघवीच्या नि थुंकीच्या डब्यांवर नावं चिकटवण्यात तिची इतकी वर्षं गेली होती. तिचा नवरा एकनाथ रेल्वेत. तो जेवताना म्हणायचा, "तुला कशाची म्हणून किळस येत नाही, यमुना." तेव्हा तिला स्वतःचा अभिमान वाटायचा. आता आपल्याच घरचा दाणा हातात धरून तिला मळमळत होतं.

"वास काय घेत बसलीस?" जयवंती म्हणाली. "उलटा करून टाक. ऊन लागंल."

"ऊन आहे कुठं, आई?"

"येल. नाय आला तं आपण काय त्याला आणायला जायचा?"

गंगी खाली वाकून हसली. बारा-तेरा वर्षांची पोर, नविनची, म्हणजे यमुनाच्या भावाची. नविन आणि त्याची बायको सुकरी दर वर्षी दिवाळीनंतर वसईकडच्या वीटभट्टीवर जात, ते पार पावसाच्या तोंडाशी परत येत. सध्या दोघं दुसऱ्यांच्या कापणीला रोजानं जात होती. गंगीला लाहूनं शाळेसाठी ठेवून घेतलं होतं. पण लाहू गेला, आणि सुकरीचं धाकटं यंदा चालायला लागलं होतं. भट्टीवर चालतं पोर म्हणजे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, आणि बघत बसलं तर विटा पाडायच्या कुणी? नविननं बापाच्या बाराव्याला सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं होतं, "यंदा गंगी येल आमच्याबरोबर."

त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. यमुनाही नाही.

बांधावर गाडीचा दरवाजा वाजला. देवेश उतरला. डहाणूच्या एका संस्थेचा हा माणूस. खेळातून मुलांचा विकास करणं, असं काहीतरी त्याच्या कार्डावर छापलेलं होतं. पायांत पांढरे बूट. चिखल बघून तो बांधावरच थांबला आणि तिथूनच दोन्ही हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "नमस्कार मावशी! काम चालू द्या, काम चालू द्या!"

"आम्ही कुठं थांबलोय?" जयवंती पुटपुटली.

"त्याच्या केसांना तेल नाय, डिंक हाय," गंगी हळूच म्हणाली.

यमुना बांधाकडं गेली. देवेशनं खिशातून बाटली काढून हातांना काही चोळलं. अजून त्यानं कशाला हातसुद्धा लावला नव्हता.

"ताई, ठरलं. आजांच्या नावानं स्पर्धा घेतोय, डहाणूला. लाहू आजा स्मृती चषक. पाहुणे येणारेत, मोठमोठे. एका आदिवासी पाड्यावरचा साधा स्वयंपाकी बुद्धिबळातून मुलांचं व्यक्तिमत्त्व घडवतो! लोकांना आवडतं असं."

"काय आवडतं?"

"म्हणजे... प्रेरणा मिळते." तो क्षणभर अडखळला. "आजांचा एखादा फोटो लागेल. हसरा. साधाच हवा, पण फार गरीब वाटेल असा नको."

यमुनाच्या हातात मोड आलेल्या लोंब्या होत्या. तिनं मूठ वळली. काहीतरी पचकन फुटलं.

"आणि महत्त्वाचं," देवेश पुढं म्हणाला. "मुलींत पहिली येईल तिला डहाणूच्या शाळेत जागा. राहणं-जेवण वसतिगृहात, वर आमचं कोचिंग. सहावी ते दहावी. गंगी जिंकेल ना?"

यमुनानं वळून पाहिलं. जयवंती भारा बांधता बांधता थांबली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"डहाणूत तशी जागा मिळाली तं बरा होल," जयवंती म्हणाली, देवेशला की लेकीला ते कळलं नाही.

"फोटो देते," यमुना म्हणाली.

जाताना देवेशनं बूट पुसायला मूठभर भात उचललं, दाण्यांसकट, आणि पुसून बांधावर टाकून दिलं.

*

लाहू काही मोठा खेळाडू नव्हता. हे यमुनाला ठाऊक होतं आणि पाड्यावरच्या पोरांना तर फारच चांगलं ठाऊक होतं. कोसबाडच्या बाजूला एका वसतिगृहात त्यानं जन्मभर भाकऱ्या थापल्या. निवृत्त होताना तिथला एक पट घेऊन आला, त्यात एक उंट कमी. त्या जागी खोकल्याच्या बाटलीचं झाकण. घोडा कसा चालतो ते तो अधूनमधून विसरायचा आणि पोरंच त्याला सांगायची. पहिल्याच पावसाळ्यात गंगीनं त्याला हरवलं. तो इतका खूश झाला की तिला खांद्यावर घेऊन पाडाभर फिरला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "हिनं मारला मला! माझा राजा मारला!"

त्यानं पट मांडला तो वेगळ्याच कारणानं. भट्टीवरून परत आलेली पोरं आषाढात शाळेत मागं बसत, त्यांना काही येत नसे, आणि शाळा सुटली की ती आपसांत मारामाऱ्या करत. बाबल्यानं असाच एकदा पांड्याच्या डोक्यात धोंडा घातला. पांड्या जगला, पण बाबल्याशी कुणी बोलेना. लाहूनं त्या दोघांनाच पहिल्यांदा ओट्यावर बसवलं, मध्ये पट. पांड्यानं बाबल्याचा हत्ती मारला मात्र, बाबल्या उठला तो हात उगारूनच. तेव्हा लाहूनं नियम केला. मारायच्या आधी सांगायचं. "तुझा हत्ती" म्हणून आधी सांगायचं, समोरच्याला एकदा विचार करू द्यायचा. त्याला चाल बदलून वाचवता आला तर वाचवू दे. नाही वाचला तर मग खुशाल मार.

"मग जिंकायचा कसा, आजा?" पोरं विचारायची.

"सांगूनसुद्धा वाचला नाय, असा डाव टाकायचा. चोरून मारला तं त्यात काय मर्दुमकी?"

नियम अडाणी होता, पण चालला. सांगायचं म्हणजे आधी समोरच्याच्या बाजूनं बघावं लागे. पोरं तासन्‌तास बसायला लागली. पोरी बसायला लागल्या. बाबल्या कुणाला मारेनासा झाला, एवढंच नाही, तर घरी कोंबडी कापायच्या आधी तिला सांगतो म्हणून त्याची आई कपाळाला हात लावायची. शाळेतल्या गुरुजींनीही कबूल केलं, ही मागच्या बाकावरची पोरं आता उत्तर येत नसेल तर 'येत नाय' म्हणून सांगतात, खाली मान घालून बसत नाहीत.

हे सगळं देवेशनं दोनतीन वेळा येऊन मोबाइलवर टिपून नेलं होतं. नियमाबद्दल मात्र तो म्हणाला, "हे गोड आहे, पण स्पर्धेत नाही चालणार. तिथं समोरच्याशी बोलायचंच नसतं. बोललं की ताकीद, मग बाद. ताई, तुम्ही तेवढं बघा."

यमुनानं बघायला सुरुवात केली. दिवसभर भात उलटंपालटं करायचं, संध्याकाळी खळं शेणानं सारवायचं, आणि कंदील न लागता जेवढा उजेड असेल तेवढ्यात गंगीला ओट्यावर बसवायचं. समोर बाबल्या. तो तिच्याहून एखाद्या वर्षानं मोठा. त्याचंही नाव स्पर्धेत होतं.

"तुझा घोडा," गंगी म्हणायची.

"गप्प!" यमुना खेकसायची.

"आते, आपोआप येता तोंडातून."

"मग तोंड बंद ठेव."

"श्वास कसा घेऊ?"

"नाकानं. नाक कशाला दिलंय देवानं, शेंबूड गाळायला?"

बाबल्या फिदीफिदी हसला. यमुनाला हसू आलं नाही. शेवटी तिनं चिकूची एक बी धुऊन गंगीच्या हातावर ठेवली. काळी, गुळगुळीत. "जिभेखाली धर. डाव संपेपर्यंत. बोलायला गेलीस तर पडेल."

गंगीनं बी जिभेखाली धरली. बोलणं थांबलं. बाबल्याचा वजीर तिनं न सांगता उचलला तेव्हा बाबल्या पटाकडं बघत राहिला, मग गंगीकडं. उठून घरी गेला.

"गेला बघ," गंगी बी हातावर काढून म्हणाली. बीला लाळेची तार लोंबत होती.

"जाऊ दे. तू जागा मिळव."

जयवंती चुलीपाशी बसून हे ऐकत होती. "बापानं शिकवलेला तू पुसतेस," ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही.

"मग काय करू? भट्टीवर जाऊ दे तिला?"

जयवंतीनं फुंकणी उचलली आणि चुलीत फुंकर घातली. धूर यमुनाच्या तोंडावर आला. ती तशीच बसून राहिली.

*

स्पर्धा डहाणूतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. दारातच लाहूचा फोटो, पुरुषभर उंचीचा. यमुना त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिला तो आधी ओळखूच आला नाही. तिनं दिलेल्या फोटोत तो बनियनवर होता, दात तंबाखूनं काळे, गालावर देवीचे वण. इथं त्याला पांढराशुभ्र सदरा घातला होता. दात दुधासारखे. वण पुसलेले. आणि बापाला उजळ केलं होतं. कातडीचा रंग चहात दूध ओतत जावं तसा ओतून ओतून पातळ केला होता. चारी बाजूंनी पांढऱ्या चित्रांची नक्षी, तिच्यात नाचणारी माणसं.

"छान झालाय ना?" देवेशनं विचारलं.

"हा आजा नाय," गंगी म्हणाली.

"म्हणजे?"

"हा कुणीतरी तलाठी हाय."

देवेश मोठ्यानं हसला आणि त्यानं हे वाक्य भाषणात वापरायला म्हणून लगेच मोबाइलमध्ये बोलून ठेवलं.

हॉलमध्ये पंखे होते, पण माणसंही तितकीच. घामाच्या, अत्तराच्या आणि कुठल्याशा तळणीच्या वासाचा गोळा तोंडावर येत होता. टेबलांभोवती दोरी बांधलेली, दोरीमागं आईबाप. कुणी पोराला बदाम भरवत होतं, कुणी पाठ चोळत होतं. एक बाई आपल्या मुलाला, गौरवला, सांगत होती, "ते पाड्यावरचे आहेत ना, ते काही थिअरी वगैरे शिकलेले नसतात. घाबरू नकोस. आणि हात मिळवलेस की हात धुऊन ये."

हे तिनं हळू आवाजात सांगितलं नव्हतं. यमुना तिच्या शेजारीच उभी होती. यमुनाच्या अंगावर आज बापाचा शर्ट नव्हता, लॅबमध्ये घालायचा चांगला ड्रेस होता, त्यामुळं ती बाई तिच्याकडं वळून आपलेपणानं म्हणाली, "तुमचा कोणता?"

यमुनानं हातानं कुठंतरी मोघम दाखवलं.

गंगी जिंकत गेली. जिभेखाली बी, ओठ घट्ट, मान खाली. समोरचं पोरगं हरलं की ती हात पुढं करायची, पण चेहऱ्यावर काही नाही. एका मुलीला रडू फुटलं तेव्हा गंगी तिच्याकडं बघत राहिली, जणू आपण काय केलं ते तिला कळत नव्हतं. दोन डावांच्या मध्ये यमुनानं तिला पाणी दिलं.

"बी काढ थोडा वेळ."

गंगीनं मान हलवली. नाही.

बाबल्याही जिंकत होता. तो कसा जिंकत होता ते कुणी नीट बघितलं नव्हतं. तो अगदी कोपऱ्यातल्या टेबलावर होता, आणि तिथं पंखाही नव्हता नि आईबापही नव्हते. आणि दुपारी, अंतिम फेरीच्या आधीच्या डावात, गंगी आणि बाबल्या समोरासमोर आले. जिंकेल त्याची गाठ गौरवशी.

यमुनानं दोरी दोन्ही हातांनी धरली. पटातलं तिला फारसं कळत नसे, पण बापाच्या ओट्यावर इतक्या संध्याकाळी गेल्या होत्या की घोडा कुठं जाऊ शकतो एवढं दिसत होतं. बाबल्याचा घोडा गंगीच्या वजिरावर होता. गंगीचं लक्ष दुसऱ्या टोकाला. तिनं तिकडचं प्यादं पुढं सरकवलं.

बाबल्यानं हात पुढं केला. मग मागं घेतला.

"गंगे," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी म्हणावं, तुझ्या पदराला काटा लागलाय. "तुझा वजीर."

"मॅडम!" गौरवची आई ओरडली. "मॅडम, बोलतायत ते! एकमेकांना सांगतायत!"

हॉलभर कुजबुज झाली. पंच म्हणून आलेल्या श्रुतिका मॅडम घाईनं आल्या आणि त्यांनी घड्याळ थांबवलं. दोरीमागून आवाज यायला लागले. एकाच गावचे आहेत. ठरवून चाललंय. आधीच्या डावांतही असंच असणार. यांना काय, जागा मिळाली की झालं.

"तू काय बोललास?" मॅडमनी विचारलं.

"तिचा वजीर जात होता," बाबल्या म्हणाला.

"मग तू मारायचास ना!"

"मारणारच होतो. सांगून मारायचा ना पण. चोरून कसा मारू?"

काही लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. बाई तशी वाईट नव्हती, तिला दिवस नीट पार पाडायचा होता. तिनं देवेशला बोलावलं, देवेशनं यमुनाला.

"हे पाहा," मॅडम म्हणाल्या, "मुलगा एकदा चुकून बोलला असेल, तर ताकीद देऊन डाव पुढं चालू ठेवता येईल. पण हे असं बोलण्याची यांच्यात पद्धतच असेल, तर मला दोघांचे सगळे डाव रद्द करावे लागतील. तुम्ही लाहू आजांच्या कन्या ना? त्यांनी असं काही शिकवलं होतं का?"

देवेशनं यमुनाच्या कोपराला हात लावला. "चुकून बोलला म्हणा," तो ओठ न हलवता म्हणाला. "संपलं. पोरगी फायनलला."

यमुनानं दाराकडं पाहिलं. समोर तो उजळ केलेला बाप, पांढऱ्या दातांनी हसत होता. तिला दिसत होतं ते भट्टीचं धुराडं आणि त्याच्याखाली धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी गंगी, केसांत लाल धूळ.

"नाही," यमुना म्हणाली. "असं काही शिकवलं नव्हतं. अशी पद्धत नाही आमच्यात." आणि एवढ्यानं पटणार नाही असं वाटून तिनं पुढं जोडलं, "तो मुलगा जरा मंद आहे."

बाबल्यानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. काही नवीन कळलं की तो जसा पटाकडं बघायचा तसं.

"ठीक," मॅडम म्हणाल्या. "मग ताकीद. गंगी, बरोबर आहे ना? असं काही नसतं ना तुमच्यात?"

गंगीनं मान वर केली. आतेकडं बघितलं. मग तळहात ओठांपाशी नेला आणि बी बाहेर काढून टेबलाच्या कडेला ठेवली. गौरवची आई "शी!" म्हणाली.

"असता," गंगी म्हणाली. "आजानं शिकवला. पाड्यावर सगळी असाच खेळतात. मला आतेनं बोलू दिला नाय म्हणून मी बोलली नाय. नाय तं मीपण सगळ्यांना सांगितला असता." मग ती बाबल्याकडं वळली. "बघितला मी वजीर. आता चाल."

पण घड्याळ पुन्हा सुरू झालं नाही.

*

चषक गौरवला मिळाला. मुलींत जी कुणी पुढं होती तिला जागा मिळाली. ती डहाणूचीच होती, तिला वसतिगृहाची गरज नव्हती, पण तिचे वडील म्हणाले, कोचिंग तरी घेऊ. देवेशनं भाषण केलं. आयुष्य हा एक पट आहे, आणि लाहू आजांनी आपल्याला प्रत्येक चाल विचार करून चालायला शिकवलं, असं तो म्हणाला. तलाठ्याचा विनोदही त्यानं सांगितला, स्वतःच्या नावावर. मग कन्या म्हणून यमुनाला वर बोलावलं. प्लास्टिकच्या पिशवीतली शाल तिच्या खांद्यावर ठेवली, पिशवीसकट. चषक तिच्याच हातून गौरवला द्यायचा होता. तिनं दिला. फोटोवाला म्हणाला, जरा हसा. ती हसली.

येताना गाडी होती. जाताना ती पाहुण्यांना लागली.

एसटी स्टँडवर दोन्ही पोरं बाकावर बसली होती. संस्थेनं दिलेला सँडविचचा पुडा उघडला तर आतली काकडी आंबूस झालेली, पावाला बुळबुळीत पाणी सुटलेलं. बाबल्या तरी खात होता. यमुना नळाशी गेली आणि तिनं चूळ भरली. पुन्हा भरली. बोट घालून जीभ घासली. मागं एक म्हातारी भांडं घेऊन थांबली होती, ती म्हणाली, "बाय, काय विष खाल्लास का?"

ती परत बाकाशी आली.

"बाबल्या, मघाशी मी..."

"मंद म्हणजे काय, आते?" त्यानं तोंडातला घास न गिळता विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"म्हणजे हळू," यमुना म्हणाली.

"मग बरोबर हाय," तो म्हणाला. "मी हळूच खेळतो."

गंगी आतेकडं बघत होती. तिला शब्दाचा अर्थ ठाऊक होता. शाळेत तो शब्द तिनं पुष्कळदा ऐकला होता, आजा ओट्यावर बसवायच्या आधी. गाडी आली तशी ती बाबल्याचा हात धरून चढली आणि यमुनाच्या शेजारची जागा रिकामी ठेवून मागं जाऊन बसली.

*

दिवाळी कशीबशी झाली. ऊन एकदाचं पडलं. भात झोडून झालं, दाणे काळे पडलेले. शिजवला की भाताला वास मारायचा आणि जयवंती तो न बोलता जेवायची, म्हणून यमुनाही जेवायची. मुकादमाचा टेंपो आला तो सकाळी, दव वाळायच्या आत. पाड्यातली निम्मी माणसं सामान घेऊन रस्त्याकडेला बसली होती. तव्यांची, टोपांची गाठोडी, कोंबड्या, ताडपत्र्या. बाबल्याचं घरही होतं त्यात. बाबल्या वर चढून आधीच ताडपत्रीवर बसला होता.

सुकरीनं धाकट्याला गंगीच्या कडेवर दिलं. गंगीनं ते घेतलं. तिच्या पाठीला शाळेचंच दप्तर होतं, त्यात कपडे कोंबलेले.

"चल," नविन म्हणाला. तो वाईट बाप नव्हता. त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं.

यमुना ओट्यावर उभी होती. लॅबमधून फोन येत होते, किती दिवस रजा, म्हणून. डहाणूच्या तिच्या रेल्वेच्या खोल्या दोन. शेजारी टीसीची बायको, पलीकडं मास्तरीण. पाड्याकडचं कुणी आलं की यमुना त्यांना आत घेऊन दार लोटून घ्यायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. वसतिगृहाची जागा मिळाली असती तर गंगीला या खोल्यांत आणायची वेळच आली नसती.

"नविन," ती म्हणाली. "गंगी माझ्याकडं राहील. डहाणूला. शाळेचं मी बघते."

नविननं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "आता सांगतेस? टेंपो उभा हाय."

"हो."

"बाराव्याला बोलायचा होता. इतके दिवस तोंडात काय धरला होतास?"



"आणि याला कोण बघल?" सुकरी धाकट्याकडं बोट करून म्हणाली. "तुला काय, सांगून मोकळी. विटांत पडला तं?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मग जयवंती घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घोंगडी होती आणि एका फडक्यात बांधलेली ताटली-वाटी. म्हातारीचे गुडघे पायरी उतरताना वाजत.

"मी जाते," ती म्हणाली.

"आयस, तुला झेपायचा नाय," नविन म्हणाला. "तिथं धूर असतो, रात्री गारठा..."

"विटा थोड्याच पाडायच्यात मला? पोर तं धरून बसता येल." तिनं गंगीच्या कडेवरून धाकट्याला घेतलं. ते रडायला लागलं.

"आजी, नको, मी जाते," गंगी म्हणाली. "आजी!"

"गप. शाळा शिक."

यमुनानं पुढं व्हायला हवं होतं. आई, तू नको, काहीतरी दुसरं बघू, असं म्हणायला हवं होतं. ते वाक्य तिच्या तोंडाशी आलं. पण ते म्हटलं तर गंगीला पाठवावं लागलं असतं, नाहीतर लॅब सोडून धाकट्यासाठी इथं बसावं लागलं असतं. ती वाट बघत राहिली, आईला चढायला कुणी हात देतं का ते. बाबल्यानं वरून हात दिला. नविननं खालून उचललं. जयवंती टेंपोत चढली, घोंगडी अंथरून बसली, आणि नातवाला मांडीवर घेऊन तिनं खाली पाहिलं.

"यमुना."

"काय, आई?"

"हिला पुढच्या खोलीत झोपव हां. मोरीपाशी नको."

टेंपो हलला. यमुनानं मान डोलवली. ओट्यावर उभ्या उभ्या तिनं मनातल्या मनात गंगीचं अंथरूण घालून ठेवलं होतं, ते मोरीपाशीच.